चौथ्या मजल्यावरची हवा

तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि मनात 'सुदाम'. इथे मनातलंच सांगायचं आहे, तेव्हा सुदाम.

सुदाम सकाळी जागा झाला की आधी स्वतःचं मनगट धरायचा. डोळे मिटलेले, दोन बोटं नाडीवर, ओठ हलताहेत. शेजारी अंजनी दुपट्यात ओली होऊन किंचाळत असायची. मी म्हणायचे, "अहो, तो कोरडा लंगोट द्या जरा." तर हा मोकळ्या हाताने मला थांबायची खूण करायचा. जगातल्या मोठ्या धावपटूंची नाडी म्हणे अंथरुणात असताना चाळिसाच्या आत असते. आमच्याकडे ती अंजनीच्या आवाजावर ठरायची. "तुम्हा दोघींमुळे ठोके वाढले," असा दोष आमच्या पदरात टाकून तो बूट घालायला बसायचा.

बूट उल्हासनगरचे. परदेशी बुटांवर तीन पट्टे असतात, यांच्यावर चार. "एक जास्तच आहे, मजबुतीला," असं दुकानदाराने सांगितलं आणि ते याने ऐकून घेतलं. मग अंगणात वाकणं, ताणणं, भिंतीला ढकलणं. बदलापूरला कात्रपची आमची बिल्डिंग नवीन असली तरी भिंती नाजूक होत्या. मला रोज वाटायचं, आज तळमजला सरकणार. त्यानंतर तो कर्जत रोडने वांगणीच्या दिशेने पळायचा. दिशा वांगणीची, वांगणी नव्हे. वाटेत चहाची टपरी लागायची. परत आल्यावर त्याच्या मिशीला घाम कमी आणि चहाचा वास जास्त असायचा, पण मी कधी बोलले नाही. काही गोष्टी वेळेला उपयोगी पडतात.

हे वेड लागलं ते सोल ऑलिंपिकला. मॅरेथॉन टीव्हीवर होती तो गांधी जयंतीचा रविवार, आणि माझे दिवस भरत आलेले. मी म्हणाले, "अहो, पोटात दुखतंय."

"इटलीवाला मागून येतोय," सुदाम म्हणाला. "एक मिनिट."

ते मिनिट बरंच लांबलं. इटलीवाला पुढे गेला, जिंकला, जमिनीवर ओणवा झाला, तेव्हा कुठे आम्ही रिक्षा शोधायला निघालो. अंजनी त्याच संध्याकाळी झाली. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला याने बाळ दाखवलं आणि शेवटच्या टप्प्यात इटलीवाल्याने कसा वेग वाढवला ते सांगितलं. माझ्या शेवटच्या टप्प्याबद्दल कोणी विचारलं नाही.

सुदाम अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला होता. कामावरून येताना अंबरनाथ पूर्वेच्या रद्दीवाल्याकडे थांबायचा आणि इंग्रजी खेळाची मासिकं घेऊन यायचा. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असायची. त्यामुळे आमच्या घरात शर्यती उशिरा व्हायच्या. रात्री जेवताना हा एकदम ताट बाजूला सारून म्हणायचा, "बोस्टनला काय झालंय माहितीये?" जे झालं होतं ते होऊन दुसऱ्यांदा होऊनही गेलेलं असायचं. केनियाच्या एका धावपटूचं चित्र त्याने कापून देव्हाऱ्याशेजारी लावलं. माझ्या सासूबाई कौसाबाई गावातून वालाच्या शेंगा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी आधी त्या चित्राला हात जोडले, मग विचारलं, "ह्यो कंचा देव?"

"देव नाही आई, पळणारा आहे. बेचाळीस किलोमीटर पळतो."

"कनाला? मागं कोन लागलाय त्याच्या?"

सुदामने त्यांना समजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाय, शेंगा निवडून घे. पोऱ्या गेला हातचा."

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, पळतो, पळू दे. पण एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर रद्दीत एक लेख आला. त्यात होतं की केनियाचे, इथिओपियाचे धावपटू सात-आठ हजार फूट उंचीवर राहतात. तिथली हवा विरळ, त्यामुळे रक्त सुधारतं, आणि मग खाली येऊन ते कोणालाच ऐकत नाहीत. सुदामने लेख दोनदा वाचला. मग तो अंगणात गेला, मान वर करून आमच्या बिल्डिंगकडे बघत राहिला.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर हात-दीड हात ओटा आणि त्यावर नळ, थेट मोठ्या लाइनवरचा. हा नळ म्हणजे काय, ते कात्रपला राहिल्याशिवाय कळायचं नाही. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं आणि ते पहिल्या मजल्यावरसुद्धा चढायचं नाही. सोसायटीची मोटर होती, पण ती वर्षातले बहुतेक दिवस जळलेली असायची. उरलेले दिवस जळायच्या बेतात असायची. बाकीची बिल्डिंग पुढच्या सार्वजनिक नळावर रांग लावायची. मी मात्र मागचं दार उघडायचे आणि भरायचे. अंजनीचे लंगोट धुतले की आणखी भरायचे. तिचं प्यायचं पाणी मी दोनदा उकळायचे, एकदा जंतूंसाठी आणि एकदा माझ्यासाठी. त्या नळाच्या जिवावर मी रात्रीची झोपत होते.

चौथ्या मजल्यावर टेकचंदभाई राहायचे. पन्नाशीचे, गोल, हसरे. उल्हासनगरला त्यांचं पँटच्या चेन आणि बटणांचं दुकान. बायको वारलेली, मुली सासरी, घरात ते आणि त्यांची आई. तिला सगळे अम्मा म्हणायचे, पण पाहिलं होतं थोड्यांनीच. गुडघे गेल्यामुळे ती चेटीचंडपासून, त्यांच्या सिंधी नववर्षापासून, जिना उतरली नव्हती. आईसाठी टेकचंदभाई कधीचे तळमजला शोधत होते. मला त्यांनी एकदा विचारलंही होतं, "भाभी, अदलाबदली करना है?" मी हसून नाही म्हणाले होते. त्यांनीही हसून सोडून दिलं होतं.

आता सुदाम स्वतः जिना चढून त्यांच्याकडे गेला आणि तास-दीड तासाने उतरला तो ठरवूनच.

"घर बदलायचं. आपण चौथ्यावर, ते खाली. गुढीपाडव्याला कागद करू."

"का?"

"उंची."

"अहो, किती ती उंची! बाजूच्या नारळापेक्षा थोडी जास्त."

"सुरुवात तर होईल! टेकचंदभाई म्हणाले, वरची हवाच वेगळी आहे."

टेकचंदभाईंचा धंदाच विकायचा. त्यांना दोष कशाला द्या. गिऱ्हाईक स्वतः जिना चढून हवा मागायला आलं, त्यांनी दिली.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"चढवू. त्यात काय."

"कोण चढवणार?"

"आपण," सुदाम म्हणाला. आमच्या घरात 'आपण' म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी घर बघायच्या निमित्ताने वर गेले. जाताना पिशवीत एक सोललेला नारळ घेतला. गॅलरीचे गज मला लांबूनच संशयास्पद वाटत होते. नारळ धरला आणि दोन गजांतून ढकलला. तो असा काही सहज गेला की माझ्या हातात शेंडी पण राहिली नाही. खाली फट्‌ असा आवाज झाला. टेकचंदभाईंच्या स्कूटरच्या सीटवर पाणी आणि खोबरं.

संध्याकाळी मी सुदामला ते सांगितलं. तो विचारात पडला. मला वाटलं, वळला.

"अंजनीचं डोकं नारळापेक्षा मोठं आहे," तो म्हणाला.

घर सुदामच्या नावावर. गावाकडचा तुकडा विकून सासऱ्यांनी घेऊन दिलेलं. माझ्या सहीची कोणाला गरज नव्हती. भांडले असते तर आमच्यात आठवडाभर अबोला झाला असता, आणि अबोल्यात याची नाडी छान राहते. रडले असते तर त्याने मला श्वासाचा व्यायाम शिकवला असता. मी रात्री अंजनीच्या नाकाशी बोट धरून तिचा श्वास बघत पडले होते, रोजच बघते, आणि तेव्हा मला सुचलं की याच्याशी बायकोसारखं बोलून उपयोग नाही. मासिकासारखं बोलायला हवं.

"अहो," सकाळी मी म्हणाले, "मी विचार केला. उंचीवर राहायचं म्हणजे शरीराला सवय व्हायला हवी ना आधी?"

सुदामचा हात मनगटावरून सुटला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला धावण्याबद्दल प्रश्न विचारला होता.

"हो! त्याला ॲक्लमटायझेशन म्हणतात."

"मग एकदम घर कशाला बदलायचं? आधी तुम्ही एकटे वर राहून बघा. सव्वीस जानेवारीच्या शर्यतीपर्यंत. अम्मा खाली माझ्याकडे राहतील. फरक पडला तर पाडव्याला मी स्वतः भांडी बांधते."

"आणि पाणी?"

"तुमचं तुम्ही चढवा. केनियातले लोक आयते नळ घेऊन बसतात का?"

माझा हिशेब साधा होता. चार मजले बादल्या चढवल्या की चार दिवसांत याची हवा उतरेल.

अम्मांना लाकडी खुर्चीत बसवून खाली आणलं. पुढे टेकचंदभाई, मागे सुदाम. प्रत्येक मजल्यावर सुदाम थांबून नाडी मोजत होता आणि अम्मा तिरक्या खुर्चीतून ओरडत होत्या, "अड़े, गिराओगे क्या! पाकिस्तान से साबुत आई हूँ!" खाली आल्यावर त्यांनी घर बघितलं नाही, देव बघितले नाहीत, अंजनीला बघितलं आणि मग सरळ मागच्या दाराशी जाऊन नळ बघितला. बराच वेळ बघितला.

"धीअ," त्या मला म्हणाल्या. धीअ म्हणजे मुलगी. "ये किसको दे रही थी तू?"

"मी नाही अम्मा. हे."

"कैंप में एक नल था, पाँच सौ आदमी. मैंने नल के लिए एक औरत का दाँत तोड़ा था. बाद में सहेली बनी." त्यांनी पदर खोचला. "कितने बजे आता है?"

दुसऱ्या दिवसापासून अम्मा पाणी यायच्या आधी ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या. मांडीवर अंजनी. अंजनीला सांभाळायला दुसरा माणूस मिळाल्यावर मला हात दोन असल्याचा शोध लागला. मी भरायचे, अम्मा हुकूम सोडायच्या. न्याहारीला त्या कोकी लाटायला शिकवायच्या. जाड, कांदा घातलेली, तव्यावर खरपूस. सुदाम पळायला निघाला की त्याला पाठमोरा बघून एक दिवस त्या म्हणाल्या, "घोड़ा तो अच्छा है तेरा. टांगा किधर है?"

मी हसत सुटले. घोडा होता, पळतही होता, पण त्याच्यामागे कधी काही जोडलेलंच नव्हतं.

माझा हिशेब मात्र दुसऱ्याच सकाळी चुकला. मागच्या दाराशी बादल्या घेऊन आले ते टेकचंदभाई. पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, बनियन, दोन हातांत दोन बादल्या.

"हे कुठे आहेत?" मी विचारलं.

"सो रहे हैं, भाभी. वर झोप फार लागतं म्हणे. बोले, चॅम्पियन लोग का दस घंटा नींद जरूरी है."

"आणि पाणी तुम्ही चढवणार?"

"मेहमान है ना. मेहमान से पानी भरवाऊँ?"

पाहुणचार हा असा रोग आहे की त्याला औषध नाही. टेकचंदभाई दोन बादल्या नेऊन परत यायचे, पुन्हा दोन, पुन्हा दोन. पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेला ते ओट्यावर बसले आणि इतका वेळ बसले की मी घाबरून लिंबू-साखर-पाणी केलं. सुदामला आंघोळीला दोन बादल्या लागायच्या, पाय गार पाण्यात बुडवून बसायला तिसरी. पाय बुडवणं हे पण लेखात होतं.

वरून सुदामचे निरोप यायचे. फार ताजंतवानं वाटतंय. श्वास खोल चाललाय. रोज संध्याकाळी तो अंजनीला भेटायला खाली यायचा, डोंगरावरून उतरलेल्या साधूसारखा, आणि थोड्या वेळाने म्हणायचा, "जातो, इथे हवा जड आहे." अंजनी तेव्हा चालायला लागली होती. ती त्याच्यामागे जिन्यापर्यंत जायची आणि पहिल्या पायरीशी थांबून वर बोट दाखवायची. मी तिला उचलून आणायचे. तेव्हा मला त्या साधूला पायरीवरून खाली ओढावंसं वाटायचं.

पण मी मागच्या दाराकडेही बघत होते. डिसेंबर सरता सरता टेकचंदभाई ओट्यावर बसेनासे झाले. मग त्यांची धाप ऐकू येईनाशी झाली. मग एका सकाळी त्यांनी बादल्या खाली ठेवून पायजम्याची नाडी कसली, आणि नाडीचं टोक पार गुडघ्यापर्यंत आलं. पोट कुठे गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. जिन्यात ते आता सिंधी गाणं म्हणायचे. अम्मांनी माझ्याकडे बघितलं, मी अम्मांकडे.

सव्वीस जानेवारीची शर्यत अंबरनाथ पूर्वेच्या एका मित्र मंडळाची होती. मैदानापासून जुन्या शिवमंदिरापर्यंत, पुढे कारखान्यांच्या रस्त्याला वळसा आणि परत मैदान. आदल्या दिवशी सुदामने मला साबुदाणा, बटाटे, भात आणि रताळी एकाच ताटात वाढायला लावली. शक्ती साठवायची म्हणे. त्यानंतर तो टेकचंदभाईंना घेऊन बसला.

"मोठ्या शर्यतीत पेसमेकर असतो," त्याने समजावलं. "तो पुढे पळतो, वेग धरून देतो. खरा धावपटू त्याच्या मागे. मग योग्य वेळी पेसमेकर बाजूला होतो आणि खरा धावपटू निघून जातो."

"उसको क्या मिलता है?"

"समाधान."

"ठीक आहे," टेकचंदभाई म्हणाले. "मैं बाजू कब होऊँ?"

"मी मंदिरापाशी तुम्हाला गाठेन आणि 'बस' म्हणेन. तेव्हा व्हायचं. तोपर्यंत थांबायचं नाही, काही झालं तरी."

पंचेचाळीसच्या वरच्यांचा वेगळा गट होता, त्यात त्यांचं नाव घातलं. मी अंजनीला मांडीवर घेऊन हे ऐकत होते आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं, उद्या हा बरा पळू नये. बायकोने नवऱ्यासाठी असं मागू नये, कळतं मला. पण बरा पळला तर पाडव्याला माझा नळ जाणार होता.

शर्यत सकाळी सातची. सुदाम साडेपाचपासून मैदानाला फेऱ्या मारत होता, वॉर्मअप. सात वाजले, पाहुणे नाहीत. साडेसातला माइकवर देशभक्तीची गाणी लागली. सुदाम फेऱ्या मारतोच आहे. अंग गार पडू द्यायचं नाही. आठला कार्यकर्ते चहा पिऊन आले. टेकचंदभाई माझ्याशेजारी पायरीवर बसून शेंगदाणे खात होते आणि अंजनीला सोलून भरवत होते. मी प्रत्येक दाणा तिच्या तोंडात बोट घालून बारीक झालाय का बघत होते. साडेआठच्या पुढे कधीतरी गाडी आली, पाहुणे उतरले, नारळ फुटला, भाषण झालं. भाषण खेळाच्या महत्त्वावर होतं आणि लांब होतं. झेंडी हलली तेव्हा सुदामचा बनियन पिळून निघाला होता. त्याची एक मॅरेथॉन उभ्या उभ्याच होऊन गेली होती.

टेकचंदभाईंनी शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली, "भाभी, संभालना," म्हणाले, आणि कापडी बुटांत पळायला लागले.

मी शेवटच्या दोरीपाशी अंजनीला कडेवर घेऊन उभी राहिले. आधी डोंगराकडच्या पाड्यांवरची मुलं आली, अनवाणी, जणू बस चुकू नये म्हणून पळताहेत अशी. मग कारखान्यांतली तरणी पोरं. मग पोलिसातला एक. आणि त्याच्यामागे, पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्याची नाडी एका हातात धरलेले, टेकचंदभाई. ते पळत होते ते सगळं अंग मागे वळवून. दहा पावलं पळायचे, मागे बघायचे. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मागे. चेहऱ्यावर काळजी. दोरी ओलांडल्यावरही ते थांबेनात. दोन कार्यकर्त्यांनी धरून थांबवलं.

"साईं किधर है?" त्यांनी मला सुदामबद्दल विचारलं. "बस बोलने को आए ही नहीं."

"मंदिराशी थांबायचं ना!"

"किसके लिए रुकूँ? पीछे कोई था ही नहीं!"

सुदाम आला तेव्हा ग्लुकोजच्या पाण्याचं पिंप उलटं करून ठेवलं होतं आणि दोरी गुंडाळायला घेतली होती. लांबून तो चालत होता. फोटोवाला दिसल्यावर पळायला लागला. फोटोवाला रीळ बदलत होता.

पंचेचाळीसच्या वरच्या गटात चार जण होते. पहिलं बक्षीस टेकचंदभाईंना, स्टीलची कळशी. त्यांनी ती डोक्यावर धरली आणि सगळ्या मैदानाला दाखवली.

मला मनातून उकळ्या फुटत होत्या. झालं, उतरली हवा. घरी येताना रिक्षात सुदाम मनगट धरून बसला होता. बदलापूर जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "कळलं मला."

"काय?" मी शक्य तितक्या मायेने विचारलं.

"टेकचंदभाई किती वर्षं राहतायत चौथ्यावर?"

"बिल्डिंग झाल्यापासून."

"बघ! आणि मी?" त्याचे डोळे चमकत होते. "मी जेमतेम महिना-दीड महिना. मी मूर्ख, इतक्यात फरक मागत होतो. तो माणूस व्यायाम करत नाही, शेंगदाणे खातो, तरी बघ कसा पळाला. ही उंची! पाडव्यापर्यंत थांबायचं कशाला? उद्याच वकिलाकडे जाऊ."

मी बादल्यांचं सांगितलं. रोज किती खेपा, कोणासाठी, पायजम्याची नाडी कुठपर्यंत आली, सगळं. टपरीवरच्या चहाचं पण सांगितलं, जपून ठेवलेलं. सुदामने मान डोलवत ऐकलं, आजारी माणसाचं ऐकतात तसं.

"तुला शास्त्र कळत नाही," तो म्हणाला. "बादल्या सगळेच उचलतात."

"सगळे नाही," मी म्हणाले. पण रिक्षा खड्ड्यात गेली आणि ते राहून गेलं.

संध्याकाळी टेकचंदभाई कळशीत पेढे घालून खाली आले. अम्मा खाटेवर, अंजनी अम्मांच्या बांगड्यांशी. सुदाम उभा राहिला, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "टेकचंदभाई, उद्या वकील. कागद करून टाकू. तुम्ही खाली, आम्ही वर."

मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होते. एवढंच वाटत होतं की अंजनीला घेऊन जाऊन त्या नळाला बांधून घ्यावं.

टेकचंदभाईंनी हात सोडवून घेतला.

"कौनसा कागद, साईं?"

"घराचा! ठरलंय ना आपलं?"

"वो तो पहले." टेकचंदभाईंनी कळशी छातीशी धरली. "साईं, तुम्हीच बोलला ना, वरची हवा में ताकत है? तेव्हा मी हसला होता. धंदेवाला आदमी, मी हो ला हो केलं. आता बघितलं ना! पचास साल की उमर में पहला इनाम. शाळेत मला कधी पेन्सिल मिळाली नाही. आणि तू बोलतोस खाली ये?"

"पण अम्मांचे गुडघे..."

"अम्मा तो नीचेच है."

"ती तात्पुरती!"

"कौन तात्पुरती?" खाटेवरून अम्मा म्हणाल्या. "मैं नहीं जाती ऊपर. नल छोड़ के?"

"अहो, पण मग मी?" सुदामचा आवाज चिरकला. "मला उंची नको?"

"तुम मेहमान हो, जितना दिन चाहो रहो," टेकचंदभाई मोठ्या मनाने म्हणाले. "लेकिन घर नहीं दूँगा. अगले साल ठाणे में बडा रेस है, सुना है."

सुदाम मटकन खुर्चीत बसला. त्याचंच शास्त्र, त्याचाच लेख, त्यानेच चार मजले चढून नेऊन दिलेला. मला हसू आवरण्यासाठी ताटं मांडायला आत जावं लागलं. मागून त्याचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा.

"टेकचंदभाई, मग मला शिकवाल?"

"क्या सिखाऊँ, साईं? मला काही येत नाही. मैं तो बस पानी चढाता हूँ."

अम्मा म्हणाल्या, "घोड़े, कल सुबह बालदी लेके आना. पीछे के दरवाजे पे."

तो आला. टेकचंदभाईंच्या मागे, चार पट्ट्यांचे बूट घालून, मनगट धरायला हात मोकळा नाही म्हणून कावराबावरा. उंची सोडवत नव्हती, त्यामुळे झोपायला तो काही दिवस वरच होता. पण पाण्याला दोघं खाली यायचे. वरचं झालं की अम्मा माझं पिंप दाखवायच्या, "ये भी प्रॅक्टिस है." मी त्याला सांगितलं की लंगोट पिळल्याने मनगटं बळकट होतात, असं कुठल्यातरी लेखात होतं. त्याने कुठल्या ते विचारलं नाही. गॅलरीच्या गजांना टेकचंदभाईंनी जाळी बसवली, तो नारळ त्यांच्या लक्षात होता. तरी अंजनीला घेऊन मी वर कधी गेले नाही.

परवा सकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यापाशी गलका ऐकू आला.

"टेकचंदभाई, थांबा! पेस जास्त होतोय!"

"रुकूँ किसके लिए, साईं? तुम तो पीछे हो!"

मागोमाग बादली हिंदकळल्याचा आवाज, आणि पायऱ्यांवरून पाणी खाली येत गेलं. अंजनी पहिल्या पायरीशी उभी होती. ते पाणी तिच्या पायांशी आल्यावर तिने टाळ्या वाजवल्या.

"सांड दिया," अम्मा खुर्चीतून म्हणाल्या. "फिर से आएगा. भर, धीअ."

मी रिकामी बादली नळाखाली सरकवली.